गव्हाचा कण न पडलेलं पीठ हवं आहे: गिरणीचालक आणि बचत गटांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या दादा-काकांना, आणि भाजणी, मेतकूट, पापड, कडक भाकरी करून विकणाऱ्या बचत गटांतल्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

"ज्वारीवरच टाका हं, गव्हावर टाकू नका," हे वाक्य तुम्ही दिवसातून कितीदा ऐकत असाल. गव्हावर ज्वारी पडली तर भाकरी चिकट होते, ज्वारीवर गहू पडला तर पोळी फाटते, बेसनाच्या गिरणीत दुसरं काही दळलं तर वास लागतो. आधीच्या दळणाचं पीठ पुढच्या दळणात उतरतं, हे डबा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. हे पत्र त्या उतरणाऱ्या पिठाबद्दल आहे. इतरांची त्यानं फार तर एखादी पोळी फाटते, पण आमच्यासारख्यांच्या आतड्याला त्यानं इजा होते.

मला सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी जी लांबते, पाव जो फुगतो, तो याच्यामुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तिथे शोषलं जातं. ते उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागेनासं होतं. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळंच कमी पडायला लागतं. यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद करणं हा आजमितीला एकच उपाय आहे. तो नीट पाळला तर आतडं पुन्हा भरून येतं, म्हणून तर तुम्हाला लिहायला बसले.

माझं निदान व्हायला कित्येक वर्षं गेली. अंगात रक्त नाही म्हणून लोहाच्या गोळ्या, मग इंजेक्शनं, मग पुन्हा गोळ्या. हिमोग्लोबिन थोडं चढायचं आणि परत घसरायचं. तोंड सारखं यायचं, पोट फुगायचं, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. "बायकांना असतंच," "डोक्यातली काळजी काढा," "अॅसिडिटी आहे," अशी उत्तरं मिळत गेली. जुलाब होत नव्हते, त्यामुळे आतड्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. शेवटी पोटाच्या एका तरुण डॉक्टरांनी जुने अहवाल एकापुढे एक मांडून पाहिले आणि टीटीजी आयजीए ही रक्ताची तपासणी लिहून दिली. ती खूप जास्त आली. मग दुर्बिणीतून आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले आणि नाव कळलं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण तुमच्याकडे रोज पन्नास घरांतल्या बायका येतात आणि तुमच्या बोलण्याला त्या मान देतात. एखादीचं रक्त औषधं घेऊनही वाढत नसेल, एखाद्या मुलाची उंची आणि वजन वर्षानुवर्षं अडलं असेल, पोट सतत बिघडत असेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारायला सांगा. मात्र तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, हेही सांगा. आधीच गहू सोडला तर रक्तात आणि आतड्यात खूण दिसेनाशी होते आणि निदान हुकतं. आणि घरात एकाला हा आजार निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी लागते, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला तो असू शकतो.

निदान झालं त्या दिवशी मला खरं सांगायचं तर धीर आला होता. माझं माहेर सोलापूरकडचं. ज्वारी आमच्याकडे भाताआधी येते. आजीच्या काळी पोळी सणावाराला, पाहुणा आला तर. रोजचं खाणं म्हणजे भाकरी, पिठलं, शेंगाचटणी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी ज्यानं खाल्ली आहे त्याला पोळी सुटल्याचं दुःख फार दिवस राहत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, मका, सगळ्या डाळी, यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. परदेशात लोक ज्यासाठी दुकानंच्या दुकानं धुंडाळतात ते आमच्या कणगीत पिढ्यान्‌पिढ्या होतंच. भाकरीवर राहायचं, एवढंच तर आहे, असं वाटलं.

घरात पोळपाट-लाटणं वेगळं केलं, कारण लाकडाच्या रेषांत कणीक बसते ती धुऊन निघत नाही. तवा, परात, चाळणी वेगळी. मुलांच्या पोळ्या आधी, ओटा पुसून मग माझी भाकरी. बाहेरचं खाणं बंद. आणि तरीही पुढच्या तपासणीत टीटीजीचा आकडा हवा तसा उतरला नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्याकडून आठवड्याचं सगळं खाणं लिहून घेतलं. कशातच गहू नव्हता. मग त्यांनी विचारलं, "ज्वारी दळून कुठून आणता?"

त्या संध्याकाळी मी आमच्या गिरणीत जरा वेळ नुसती उभी राहिले. काका मला ओळखतात, त्यांनी आतल्या बाकावर बसायला सांगितलं. दोन चक्क्या. एक गव्हाची, दुसरी ज्वारी-बाजरी-तांदळाची. पण संध्याकाळी गव्हाची रांग लागली की दुसरीवरही गहू जातो, लोकांना किती थांबवणार? धान्य ओतायच्या पत्र्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात दाणे अडकलेले. पीठ पडतं तिथे बांधलेलं कापड आतून पांढरं झालेलं, काकांनी ते दोनदा झटकलं की ढग उठायचा. डब्याच्या कडेचं पीठ सारखं करायला एकच ब्रश, एकच पत्र्याचं सुपडं. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात सगळ्या खोलीभर कणीक तरंगत होती. काकांचं काहीही चुकत नव्हतं. गिरणी अशीच चालते, अशीच चालत आली आहे. माझी ज्वारी मात्र त्या खोलीतून गव्हाचा अंश घेऊनच बाहेर पडत होती.

किती अंश, याचा हिशोब तुमच्यासमोर मांडते, कारण "एवढ्याशानं काय होतंय" हे आम्ही सगळेच ऐकतो. अन्नावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा जगभर मानला जाणारा आणि आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचाही, म्हणजे एफएसएसएआयचाही, नियम आहे. कणकेत ढोबळमानानं दहा टक्के ग्लुटेन धरलं, तर 20 मिलिग्रॅम ग्लुटेन यायला कणीक लागते एक पंचमांश ग्रॅम. किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी ते पीठ नियमाबाहेर गेलं. इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यावर रुग्णांच्या आतड्यावर परिणाम दिसला. म्हणजे रोज अर्धा ग्रॅम कणीक. मी दिवसाला पाव किलो ज्वारीचं पीठ खाते असं धरा. किलोभर दळणात दोन ग्रॅम कणीक उतरली की माझं ते प्रमाण पुरं झालं. दोन ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. गव्हानंतर लगेच ज्वारी टाकली तर दगडांच्या मधून, नळीतून आणि कापडातून किती कणीक आधी बाहेर येते, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

म्हणून "आधी दोन मुठी तांदूळ फिरवून घेतो" ही जी पद्धत आहे ती आम्हाला पुरत नाही. उपासाची भाजणी दळताना तुम्ही गिरणी पुसता, तोंड झाडता, पहिलं पीठ बाजूला काढता, आणि तेही कुरकुर न करता. दुसऱ्याच्या पथ्याचा मान राखण्याची ही जी सवय तुमच्या हातात आहे, तिच्याच भरवशावर मी पुढचं मागते आहे.

माझं पहिलं मागणं गिरणीवाल्यांकडे. ज्यांच्याकडे दोन किंवा तीन चक्क्या आहेत, त्यांनी एका चक्कीत गहू कधीही टाकू नये. कितीही रांग लागो, ओळखीचं कुणी येवो, दिवाळीचे दिवस असोत. जव, सातू, गहू घातलेली भाजणी, गहू मिसळलेलं कुठलंही पीठ त्या चक्कीवर नको. तिचं कापड, ब्रश, सुपडं, चाळणी वेगळी ठेवा आणि जमलं तर तिला वेगळ्या खोलीत किंवा निदान मधे आडोसा घालून बसवा. ज्या चक्कीवर आजवर गहू दळला आहे ती या कामासाठी घेणार असाल तर ती पूर्ण उघडून साफ करा, कापड नवं घाला. एकच चक्की असेल तर मी तुम्हाला खोटा आग्रह करणार नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला "आमच्याकडे गहू दळतो" एवढं स्पष्ट सांगितलंत तरी आमचं मोठं काम होतं.

बऱ्याच जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांकडून बायकांना अनुदानावर पिठाची गिरणी मिळते. गावात चार गिरण्या आधीच असतील आणि तुम्ही पाचवी सुरू करणार असाल, तर ती फक्त भरडधान्याची का करू नये? नवं यंत्र, ज्यात गव्हाचा दाणा कधी गेलाच नाही, ते आमच्यासाठी सोन्याहून मोलाचं आहे. आमच्यातले पुष्कळ जण नाइलाजानं घरघंटी विकत घेतात. पण ज्याला ती परवडत नाही, ज्याच्या एका खोलीच्या घरात ती ठेवायला जागा नाही, त्यानं काय करायचं? बाजारातलं 'ग्लुटेन फ्री' छापलेलं पीठ साध्या पिठाच्या कितीतरी पट महाग पडतं. ज्वारीच्या मुलखात ज्वारीचं सुरक्षित पीठ फक्त पैसेवाल्याला मिळावं, हे मला मान्य नाही.

आता बचत गटांतल्या ताईंशी थोडं. तुमच्या भाजणीवर, मेतकुटावर माझं प्रेम आहे आणि आज त्या मला खाता येत नाहीत. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरी गहू भाजून घालतात, मेतकुटात मूठभर गहू असतोच, सातूच्या पिठात बहुतेक ठिकाणी गहूच असतो. तो काढा असं मी म्हणत नाही, ज्याची त्याची पद्धत आहे. पाकिटावर पूर्ण लिहा, एवढंच. "विविध धान्ये व मसाले" असं लिहिलेलं पाकीट मला तसंच परत ठेवावं लागतं. गहू आहे की नाही हे लिहिलं असेल, आणि दळण कुठल्या गिरणीवर झालं हे लिहिलं असेल, तर मी निर्णय घेऊ शकते. पाकीटबंद मालावर ग्लुटेन असलेल्या धान्याचा उल्लेख करणं कायद्यानंही बंधनकारक आहे.

हिंगाकडे जरा थांबते, कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. आपण डबीतून घालतो तो शुद्ध हिंग नसतो. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो सौम्य करतात, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. तुमच्या पापडात, लोणच्यात, मसाल्यात, चकलीच्या भाजणीत गहू नसला तरी हिंगातून तो येतो. तांदळाचं पीठ घातलेला हिंग बाजारात मिळतो. तेवढा एक बदल केलात तर कितीतरी पदार्थ आम्हाला मोकळे होतात. ओट्सचंही असंच: त्यात मुळात गहू नसला तरी शेतापासून कारखान्यापर्यंत तो गव्हाच्या संगतीत येतो. लाडवात किंवा चिवड्यात ओट्स घालणार असाल तर साधे ओट्स घालून पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' छापू नका.

आणि ही दोन शब्दांची छपाई हल्ली वाढली आहे, म्हणून कळकळीनं सांगते. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून ज्वारी-नाचणीच्या प्रत्येक बिस्किटावर 'ग्लुटेन फ्री' दिसायला लागलंय. ज्वारी ग्लुटेनमुक्त आहे हे खरं. पण तीच ज्वारी गव्हाच्या चक्कीवर दळली, मैद्याच्या भट्टीत भाजली, तर ते बिस्कीट तसं राहत नाही. वजन उतरवायला गहू सोडलेल्या माणसाला त्यानं काही होणार नाही. तो रविवारी मिसळीबरोबर पावही खाईल. आमच्यातली आई ते बिस्कीट विश्वासानं शाळेच्या डब्यात देते, आणि मूल आठवडाभर आजारी पडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे वरवर काहीच दिसत नाही आणि आत झीज चालू राहते. तपासून घेतलं नसेल तर ते शब्द छापू नका. "ज्वारीची बिस्किटे, गव्हाच्या भट्टीत भाजलेली" असं लिहिणाऱ्याचा मी आदर करेन.

तुम्ही विचाराल, असे रोगी आहेत तरी किती. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या काळी हा आजार दुर्मीळ समजला जायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिथे पावाचा दुष्काळ पडला. लोक उपाशी असताना त्यांच्याकडची ही आजारी मुलं सुधारली, आणि युद्ध संपून पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. गव्हाचा संबंध डिके यांनी 1950 साली प्रबंधात मांडला. आज जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचं मानतात. आपल्याकडे उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतात 23 हजारांहून जास्त लोकांना तपासून 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तरेत हजारी आठ-नऊ जणांना हा आजार निघाला, दक्षिणेत जवळजवळ नाहीच. आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती. ठळक फरक होता तो गव्हाच्या खाण्यात, उत्तरेत तो कित्येक पट जास्त. आपला महाराष्ट्र भाकरीवरून पोळीवर आला त्याला फार पिढ्या झाल्या नाहीत, आणि आता पाव, बिस्किटं, नूडल्स खेड्यापर्यंत गेलेत. तेव्हा हे दुखणं फक्त पंजाब-हरियाणाचं, असं समजून चालणार नाही.

आणि जे आहेत ते कायमचे गिऱ्हाईक आहेत. आम्हाला हे पीठ दर महिन्याला, आयुष्यभर लागणार. आमच्यातली माणसं एका खात्रीच्या पिठासाठी गावाची वेस ओलांडून जातात, पार्सलचा खर्च सोसतात. सोलापूरची कडक भाकरी घ्या. महिनाभर टिकते, प्रवासात नेता येते, परदेशातल्या नातलगाला पाठवता येते. सिलिअ‍ॅकच्या माणसासाठी यापेक्षा चांगलं तयार खाणं मला ठाऊक नाही. ती करणाऱ्या शेकडो बायकांपैकी एखाद्या गटानं जरी गव्हापासून पूर्ण वेगळी गिरणी आणि वेगळी चूल ठेवली, तर त्यांच्या भाकरीला देशभरातून मागणी येईल. हळदीकुंकवाला, लग्नात, सत्यनारायणाच्या प्रसादाला हात मागे घेताना आम्हाला जे वाटतं ते तुम्ही दूर करू शकत नाही, प्रसादाचा शिरा रव्याचाच असणार. पण रोजची भाकरी तुमच्या हातात आहे.

कुणी तयार असेल तर पुढचं असं करता येईल. ज्वारी निवडून घ्या, कारण पोत्यातच कधी गव्हाचे दाणे असतात, आणि गव्हाची वापरलेली पोती ज्वारीला वापरू नका. वेगळ्या चक्कीवर महिनाभर दळा, मग पिठाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ग्लुटेनच्या तपासणीसाठी पाठवा. किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत आलं तर अहवालाची प्रत गिरणीत भिंतीवर लावा, आणि ठरावीक महिन्यांनी नमुना पुन्हा पाठवत राहा. पहिल्या तपासणीचा खर्च मी आणि माझ्या ओळखीची इतर रुग्ण मंडळी वाटून घेऊ. एखादा नमुना नापास झाला तर कुठून कणीक आली ते तुमच्याबरोबर बसून शोधू. पाटीवर "येथे गहू दळला जात नाही" एवढे शब्द पुरेत, आणि त्याखाली चक्की कुठल्या तारखेपासून वेगळी ठेवली ते लिहा.

आपली,
एक सिलिअ‍ॅक रुग्ण, पुणे